परदेशी अभ्यास दौऱ्यात काय पाहावे?

शेतकरी बंधूंनो, आपला मुलगा कृषी महाविद्यालयातर्फे परदेशी अभ्यास दौऱ्यास निघाला असेल, तर त्याला डॉ. पांडुरंग खानखोजे यांची हकीकत जरूर सांगा. वर्ध्यात १८८४ साली जन्मलेले खानखोजे जपानमार्गे अमेरिकेस गेले, तेथे कृषी शिक्षण घेतले, गदर चळवळीत सामील झाले आणि पुढे मेक्सिकोत चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका व त्याचा रानटी पूर्वज तेओसिंते यांच्या संकराचे प्रयोग त्यांनी केले. शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळाही काढल्या. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. आपल्याकडे मात्र त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही!

दौऱ्यात मोठमोठी यंत्रे पाहून डोळे दिपतात. परंतु यंत्राआधी तेथील जमीन व पाऊस विचारावा. इस्रायलमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो. आपल्या काळ्या भारी जमिनीवर तो खरिपाच्या चार महिन्यांत कोसळतो. तेथे ठिबक पाण्याच्या टंचाईवर उपाय आहे. आपल्या कपाशीला ठिबकाइतकीच पावसाळ्यात निचऱ्याची चरही लागते. शेतकऱ्याच्या घरी एखादा मुक्काम मिळाल्यास उत्तम. खर्च, मजुरी व विक्रीचे खरे आकडे तेथेच कळतात.

बियाणे मात्र खिशात घालून आणू नये. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार त्यासाठी आयात परवाना व रोगमुक्ततेचा दाखला लागतो. बांधावरचे गाजरगवतही परदेशी गव्हाबरोबरच आले, असे मानले जाते.