नवरा सिकलसेलचा असेल तर आधी बायकोची तपासणी

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत आम्हाला हा प्रश्न नेहमी येतो : "ताई, नवरा एसएस आहे. मूल होऊ द्यावं का?" उत्तर बायकोच्या रक्तात आहे.

सिकलसेल जन्मजात आहे. तो लागट नाही आणि मागच्या जन्माचं पाप तर नाहीच. बाळाला आई-बाप दोघांकडून एकेक जनुक मिळतं. एसएस बापाकडून सिकलचं जनुक येणारच. आई एए असेल, तर सगळी मुलं एएस, म्हणजे वाहक होतील, रुग्ण नाही. आई एएस असेल, तर प्रत्येक गर्भारपणात एसएस बाळाची शक्यता 50 टक्के. पहिलं मूल वाचलं म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही.

म्हणून दिवस जाण्याआधीच सरकारी दवाखान्यात तपासा. सोल्युबिलिटी चाचणीवर थांबू नका. वाहक कोण, रुग्ण कोण हे ती सांगत नाही. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्या, कागद जपा.

नवरा हायड्रॉक्सीयुरिया घेत असेल, तर गोळी मनाने बंद करू नका. मूल हवं असल्याचं डॉक्टरांना निदान तीन महिने आधी सांगा. बायकोने फोलिक ॲसिड आधीच सुरू करावं.

बायको वाहक निघाली, तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगा. 10 ते 13 आठवड्यांत वारेचा अंश तपासून बाळाचं कळू शकतं. ही सोय मोठ्या रुग्णालयांतच असते. पुढचा निर्णय त्या दोघांचा, त्यातही बाईचा शब्द आधी.

तथागतांनी पारखून घ्यायला शिकवलं. रक्तही पारखून घेऊ. जयभीम!