एफएसएच्या पैशातली सनस्क्रीन आणि नांदेडचं ऊन: ट्यूब निवडायची कशी?

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना नोंदी घेता येत नाहीत, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. बोलण्यातलं थोडं इकडंतिकडं काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.)



आजचा विषय सुरू झाला आमच्या नांदेडच्या घरातून. माझी मावसबहीण टेक्सासला असते. डिसेंबरात आली तेव्हा बॅगेत सनस्क्रीनच्या तीन ट्यूबा. मी म्हटलं, "एवढ्या कशाला गं?" तर म्हणाली, "एफएसएमधले पैसे वर्ष संपायच्या आत खर्च करायचे होते. नाहीतर गेले असते."

आईनं एक ट्यूब हातात घेतली आणि विचारलं, "याने वांग जातो का?"

तेव्हा कळलं की आई वर्षभरापासून गालावरच्या वांगाला एक क्रीम लावत होती. डॉक्टरांनी दिलेलं नाही, औषधाच्या दुकानातून मागून आणलेलं. सुरुवातीला चेहरा उजळला. मग लाली, आग, बारीक पुरळ. क्रीम बंद केलं की आणखी त्रास. म्हणून परत तेच. त्यावर मी पुढे येतोच. आधी पैशाचं बघू.

हे एफएसए म्हणजे काय?

अमेरिकेत नोकरदारांना पगारातली काही रक्कम कर न भरता आरोग्यखर्चासाठी बाजूला ठेवता येते. एफएसए हे नोकरीच्या ठिकाणचं खातं. त्यातले पैसे साधारण त्याच वर्षात वापरायचे असतात. एचएसए हे स्वतःच्या नावाचं खातं, त्यातली शिल्लक पुढे चालत राहते. एसपीएफ १५ किंवा जास्त आणि 'ब्रॉड स्पेक्ट्रम' असलेली सनस्क्रीन यातून घेता येते, चिठ्ठी लागत नाही. पण फाउंडेशन किंवा लिपस्टिकमध्ये एसपीएफ असेल, तर तो मेकअपच धरला जातो.

तिकडं राहणाऱ्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट. हा पैसा स्वतः, जोडीदार आणि करासाठी अवलंबून असलेल्या माणसांसाठीच असतो. लातूरच्या काकूसाठी भेट घ्यायची असेल तर ती आपल्या खिशातून घ्या. (बहिणीनं स्वतःसाठीच घेतल्या होत्या, त्यातली एक आईला आवडली!)

आणि आपल्याकडं?

आपल्याकडं असं खातं नाही. पगारदारांची वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतची करमुक्त वैद्यकीय भरपाई होती, ती २०१८ च्या अर्थसंकल्पात प्रमाणित वजावटीत विरघळली. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. आणि कायद्यानं आपल्याकडं सनस्क्रीन ही सौंदर्यप्रसाधनात मोडते. पुण्यात कंपनीत असलेल्या पोरापोरींच्या विम्यात कधी ओपीडीची सोय असते. तिथं डॉक्टरांची चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा, पण प्रसाधनं वगळलीत का, हे पॉलिसीत आधी वाचा.

थोडक्यात, आपला आरोग्यनिधी म्हणजे घरातला डबा. म्हणून प्रत्येक रुपया नीट लागला पाहिजे.

आपलं ऊन वेगळं का?

लातूर आणि नांदेडमध्ये मे महिन्याच्या मध्याला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. जुलैच्या शेवटाकडं तो पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ असतं म्हणून लक्षात येत नाही. ढगांतूनही अतिनील किरणं बऱ्यापैकी खाली येतात. सोपी खूण सांगतो: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर ऊन कडक आहे असं समजा.

ट्यूबवर काय वाचायचं?

एसपीएफ हा मुख्यतः यूव्हीबीचा आकडा, म्हणजे त्वचा भाजून लाल करणाऱ्या किरणांचा. एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के अडवतो, ३० साधारण ९७ आणि ५० साधारण ९८. म्हणजे ३० आणि ५० मध्ये फरक एका टक्क्याचा. १०० च्या मागं पळू नका.

पीए हा यूव्हीएचा. ही किरणं खोल जातात, काळपटपणा आणि सुरकुत्या आणतात. तीन किंवा चार अधिक चिन्हं बघा. अमेरिकेतल्या ट्यूबवर पीए नसतं, तिथं 'ब्रॉड स्पेक्ट्रम' शोधा.

आता 'स्किनकेअरचे फायदे'. नायसिनामाइड तेलकटपणा आणि डागांना थोडी मदत करतं. हायल्युरोनिक ॲसिड आणि ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतात. सेरामाइड कोरड्या त्वचेला बरं. पण हे सगळं जोडधंदा. मूळ काम उन्हापासून राखण्याचं. ते जमत नसेल तर बाकी यादी कितीही लांब असो, उपयोग नाही.

वांग असलेल्यांनी मात्र एक गोष्ट मुद्दाम शोधावी: आयर्न ऑक्साइड असलेली टिंटेड सनस्क्रीन. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर डोळ्यांना दिसणारा उजेडसुद्धा डाग गडद करतो. साधी सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही, टिंटवाली अडवते.

तेलकट चेहऱ्याला जेल, कोरड्याला क्रीम. शेतात किंवा बांधकामावर घाम गाळणाऱ्यांनी 'वॉटर रेझिस्टंट' बघावं.

किती लावायची? इथंच सगळे चुकतात

तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन लांब रेघा, एवढी चेहरा आणि मानेला. साधारण एक ग्रॅम. बाहेर पडायच्या १५-२० मिनिटं आधी, आणि उन्हातच असाल तर दर दोन तासांनी.

आता हिशोब करू. दिवसातून दोनदा म्हणजे महिन्याला ६० ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब समजा ४५० रुपयांची, तर महिन्याला ५४० रुपये. तुमची ट्यूब चार महिने पुरत असेल, तर तुम्ही काटकसर करत नाही आहात, कमी लावताय! म्हणून महागडी थोडीथोडी लावण्यापेक्षा परवडणारी भरपूर लावा.

एवढं परवडत नसेल तर? स्टोल, रुंद काठाची टोपी, छत्री, पूर्ण बाह्या. आपल्या आयाबाया डोक्यावर पदर घेऊन रानात जातात ते उगीच नाही. कापूस वेचणाऱ्या बाईला मी आधी कापडच सांगीन, मग ट्यूब.

आणि हो, ट्यूब स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. त्या तापल्या भट्टीत ती खराब होते.

आता आईच्या क्रीमचं

त्या क्रीममध्ये तीन औषधं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन नावाचं स्टिरॉइड. डॉक्टर हे थोड्या आठवड्यांसाठी, लक्ष ठेवून देतात. वर्षभर लावलं तर चेहऱ्याची कातडी पातळ होते, केस उगवतात, लाली बसून जाते. अशी स्टिरॉइडची क्रीमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये केंद्रानं नियम कडक केले. तरी ती मिळतात.

लातूरच्या क्लासेसच्या भागात राहणाऱ्या पोरींनो, पोरांनो, हे तुमच्यासाठी आहे. रूममेटची ट्यूब लावू नका. पिंपल्ससाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर ऊन जास्त लागतं, तेव्हा सनस्क्रीन टाळू नका.

आईला आम्ही विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात नेलं. लातूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. क्रीम कसं बंद करायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या, एकदम सोडलं तर चेहरा भडकतो. आईला तीन महिने लागले. वांग पूर्ण गेला नाही, फिकट झालाय. आग थांबली.

परवा ती अंगणात उभी राहून मला म्हणाली, "सावली बघ, आखूड झाली. आण ती ट्यूब."

तर मंडळी, आज घरी गेल्यावर एकच काम करा. घरातल्या बायकांच्या कपाटातली क्रीमं बाहेर काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, यातलं काही दिसलं तर त्यांना घेऊन डॉक्टरांकडं जा.

भेटू पुढच्या भागात. उन्हाचं सांभाळा.