विश्लेषण : पाय गमावल्यानंतर पॉवरलिफ्टिंग शक्य आहे का? पॅरा पॉवरलिफ्टिंगचे नियम काय सांगतात?

ब्रिटिश लष्करातील स्टाफ सार्जंट मिकी यूलने २०१० मध्ये अफगाणिस्तानात जमिनीत पेरलेल्या स्फोटकांच्या स्फोटात दोन्ही पाय गमावले. त्याआधीही तो पॉवरलिफ्टिंग करत असे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये त्याने ७२ किलो वजनी गटात १८२ किलो वजन उचलून कांस्यपदक जिंकले. अपघात, मधुमेह किंवा स्फोट यांमुळे ऐन उमेदीत पाय गमावलेल्यांना उशिरानेही प्रवेश करता येईल, असा हा खेळ आहे. मात्र त्यातील पात्रतेचे आणि वजनाचे नियम बाहेरून दिसतात तितके सरळ नाहीत.

तीनपैकी एकच प्रकार का?

नेहमीच्या पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट असे तीन प्रकार असतात. त्यातील दोन पायांवर उभे आहेत. पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये फक्त बेंच प्रेस उरतो. म्हणजे बाकावर पाठ टेकून झोपायचे, बार छातीपर्यंत आणायचा, तिथे स्थिर थांबायचे आणि हात पूर्ण सरळ होईपर्यंत तो वर ढकलायचा.

१९६४ च्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये वजन उचलण्याची स्पर्धा प्रथम आली, तेव्हा ती मज्जारज्जूला दुखापत झालेल्या पुरुषांपुरतीच होती. पाय कापलेल्यांसह इतरांना दरवाजा नंतर उघडला. महिलांना तर २००० च्या सिडनी स्पर्धेपर्यंत वाट पाहावी लागली.

पात्र कोण ठरते?

दोष कमरेखालच्या भागात असावा लागतो. पाय कापलेल्यांसाठी किमान अट म्हणजे घोट्यापासून किंवा त्याच्या वरून पाय गेलेला असणे. मधुमेहामुळे केवळ पायाची बोटे काढावी लागली असतील, तर या खेळात प्रवेश मिळत नाही. हातांबाबत अट उलटी आहे. दोन्ही कोपर जवळपास पूर्ण सरळ व्हायला हवेत, २० अंशांपेक्षा जास्त कमतरता चालत नाही. त्यामुळे ज्या अपघातात पाय गेला त्याच अपघातात कोपरही आखडले असेल, तर खेळाडू अडतो.

आपल्याकडे इथे एक गैरसमज नेहमी होतो. यूडीआयडी कार्डावर ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व लिहिले आहे म्हणजे खेळासाठी पात्र, असे धरले जाते. हे कार्ड सरकारी योजनांसाठी आहे. खेळाचे वर्गीकरण वेगळे तज्ज्ञ वेगळ्या निकषांवर करतात आणि दोन्हींचे उत्तर एकच येईल याची हमी नसते.

वजनकाट्यावर काय घडते?

धावणे, पोहणे किंवा भालाफेक यांत अपंगत्वाच्या तीव्रतेनुसार वेगवेगळे वर्ग असतात. इथे तसे नाही. पोलिओ झालेला, कमरेखाली लुळा पडलेला, बुटका आणि एक किंवा दोन्ही पाय नसलेला असे सगळे एकाच वर्गात खेळतात. विभागणी होते ती फक्त शरीराच्या वजनावर. पुरुषांचे गट ४९ किलोपासून १०७ किलोच्या पुढच्या गटापर्यंत, तर महिलांचे ४१ किलोपासून ८६ किलोच्या पुढच्या गटापर्यंत आहेत.

इथेच पेच येतो. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण १६ टक्के भरतो. ७५ किलोच्या माणसाचा अख्खा पाय सुमारे १२ किलोचा आणि गुडघ्याखालचा भाग सुमारे साडेचार किलोचा. हा भाग गेला की काट्यावरचे वजन घटते, पण बार ढकलणारी छाती, खांदे आणि दंड तेवढेच राहतात. म्हणजे तीच ताकद घेऊन खेळाडू हलक्या गटात उतरू शकतो.

म्हणून पाय कापलेल्या खेळाडूच्या वजनात ठरावीक भर घातली जाते. पाय जितका वरून कापलेला, तितकी भर जास्त. घोट्यातून, गुडघ्याखालून, गुडघ्यावरून आणि खुब्यातून अशा पायऱ्या त्यासाठी केलेल्या आहेत. दोन्ही पाय नसतील तर प्रत्येकाची भर स्वतंत्र धरतात. काठावरचा खेळाडू या हिशेबात ७२ ऐवजी ८० किलोच्या गटात ढकलला जाऊ शकतो.

हिशेब अर्थात ढोबळ आहे. मांडीतून गेलेल्या पायाचे खरे वजन जितके असते, तितकी भर नियम घालत नाही. दुसरीकडे पोलिओने वाळलेल्या किंवा मज्जारज्जूच्या इजेनंतर बारीक झालेल्या पायांचे वजनही बरेच घटलेले असते, पण त्यांना कसलीच भर नाही. तराजू सगळ्यांना सारखाच न्याय देतो, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

मग पाय नसणे हा फायदाच का?

काट्यावर थोडा फायदा होतो, पण बाकावर तो परत द्यावा लागतो. नेहमीच्या बेंच प्रेसमध्ये खेळाडू तळपाय जमिनीत रोवतो आणि पायांचा रेटा कमरेतून खांद्यांपर्यंत पोहोचवतो. पॅरा प्रकारात पाय बाकावरच ठेवायचे असल्याने हा रेटा कोणालाच मिळत नाही. त्यासाठी बाकही वेगळे असते. ते २ मीटर १० सेंटिमीटर लांब आणि ६१ सेंटिमीटर रुंद असून डोक्याच्या बाजूला निमुळते होते. शरीर पट्ट्यांनी बाकाला बांधण्याची मुभा असते.

तरीही पाय नुसते पडून असले तरी काम करतात. त्यांचे वजन धडाला मागून धरून ठेवते. दोन्ही पाय नसतील तर हे प्रतिवजन जाते आणि पट्टा बांधायलाही कमी जागा उरते. एकच पाय असेल तर अडचण आणखी किचकट होते. एका बाजूला दहा-बारा किलो जास्त आणि दुसऱ्या बाजूला काही नाही, त्यामुळे जोर लावताना धड किंचित वळते आणि बार तिरका होतो.

तिरका बार म्हणजे बाद लिफ्ट. तीन पंच पाहत असतात आणि त्यांपैकी दोघांचे पांढरे दिवे लागावे लागतात. दोन्ही हात समान वर जायला हवेत, बार छातीवर स्थिर थांबायला हवा, कोपर पूर्ण सरळ व्हायला हवेत. संधी तीनच. वजन उचलले गेले तरी लाल दिवे लागतात, ते बहुतेकदा याच कारणांनी. त्यामुळे एका पायाच्या खेळाडूच्या सरावात ताकदीइतकाच वेळ धड सरळ ठेवायला जातो.

शिवाय खांदे. कुबड्या घेऊन चालणाऱ्याचे किंवा व्हीलचेअर ढकलणाऱ्याचे खांदे दिवसभर राबतच असतात. सुरुवातीला त्याचा उपयोग होतो, कारण हात आधीच कणखर झालेले असतात. पण इतरांचे खांदे सरावानंतर विश्रांती घेतात, तेव्हा याला घरी जायला तेच वापरावे लागतात. त्यामुळे खांद्याची दुखापत झाली तर खेळ थांबतोच, चालणे-फिरणेही थांबते.

भारतात चित्र काय?

पॅरालिम्पिकमध्ये भारताला या खेळात आतापर्यंत एकच पदक मिळाले आहे. २००४ च्या अथेन्स स्पर्धेत राजिंदरसिंग राहेलूने ५६ किलो गटात १५७.५ किलो उचलून कांस्यपदक मिळवले. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत सकिना खातूनला कांस्य आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत २१२ किलो उचलणाऱ्या सुधीरला सुवर्ण मिळाले. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत भारताचे चौघे उतरले, पदक मात्र आले नाही.

राहेलू, सकिना आणि सुधीर या तिघांनाही बालपणी पोलिओ झाला होता. हा योगायोग नाही. पोलिओ झालेले मूल हातांवर भार देतच मोठे होते आणि शाळकरी वयापासून व्यायामशाळेत जाऊ शकते. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ही सर्वांना हवी असलेलीच गोष्ट. पण त्याचा अर्थ असा की या खेळाचे पुढचे भारतीय खेळाडू मोठ्या प्रमाणात अपघातातून येतील आणि वयाच्या पंचविशी-तिशीत येतील.

अशा खेळाडूंसाठी पुण्यात एक नमुना आहे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये लष्कराचे पॅरालिम्पिक केंद्र चालते. २००२ मध्ये सुरुंगस्फोटात पाय गमावलेला होकाटो सेमा तिथेच गोळाफेकीकडे वळला आणि २०२४ मध्ये पॅरिसमध्ये त्याने कांस्यपदक जिंकले. जवानाला असे केंद्र मिळते. लोकलमधून पडून किंवा महामार्गावर पाय गमावलेल्या तरुणाला मात्र गल्लीतल्या जिमपासून सुरुवात करावी लागते. तिथले बाक जेमतेम फूटभर रुंद असते, पाय ठेवायला जागा नसते आणि पट्टे नसतात. त्यावर एका पायाने झोपून जड बार घेणे धोक्याचे आहे. म्हणून सुरुवात करताना वजन किती उचलायचे याआधी ६१ सेंटिमीटरचे बाक आणि बार धरायला दोन्ही बाजूंना माणसे कुठे मिळतील, हे राज्याच्या पॅरा क्रीडा संघटनेकडे विचारून घ्यावे लागते.