"लेकरू शी सांगते का?" : आकडा गोळा करण्याआधी व्याख्या ठरवा

पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेत 'कार्यात्मक व्याख्या म्हणजे काय?' हा प्रश्न हमखास येतो. आपण पाठ केलेलं उत्तर लिहितो, की एखादी संकल्पना प्रत्यक्षात ज्या कृतीने मोजायची ती कृती नेमकी सांगणं म्हणजे कार्यात्मक व्याख्या. गुणही मिळतात. पण पुढे सिनॉप्सिस लिहायला बसलं की हीच गोष्ट सगळ्यात जास्त छळते. म्हणून आज ती पुस्तकातून न घेता अगदी घरातल्या विषयावर समजून घेऊ. विषय आहे लहान लेकराला शी-शूची सवय लावण्याचा. हसू नका, या विषयावर साठ वर्षांहून अधिक काळ गंभीर संशोधन चालू आहे.

समजा, तुमच्या संशोधनाचा विषय ठरला : 'हिवरखेड येथील बालकांमध्ये शौच-सवय पूर्ण होण्याचे वय'. पहिली अडचण शीर्षकातच आहे. वऱ्हाडात हिवरखेड एकच नाही. एक अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात आहे, तर दुसरं अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात. तेव्हा शीर्षकात तालुका आणि जिल्हा लिहायलाच हवा. आपण तेल्हारा तालुक्यातलं गाव धरू.

एक प्रश्न, तीन उत्तरं

आता तुम्ही प्रश्नावली घेऊन दारोदारी जाता आणि विचारता, "ताई, तुमचं लेकरू शी सांगते का?" अशी उत्तरं सहज मिळू शकतात :

"हो ना, सहा मयन्याचं होतं तवापासून सांगते."

"अजून नाई सांगत. पन सकाळी पायावर बसोलं का करते."

"सांगते, पन करून झाल्यावर."

पहिल्या घरात तुम्ही 'सहा महिने' लिहिलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या घरात 'अपूर्ण'. पण पहिल्या घरातलं सहा महिन्यांचं बाळ बोलत तर नाही, मग ते 'सांगतं' म्हणजे काय करतं? ते कण्हतं, चेहरा लाल करतं, खेळता खेळता एकदम थांबतं. आजी ते ओळखते, पाय लांब करून बाळाला दोन्ही पावलांवर बसवते आणि "शूऽऽ" असा आवाज काढते. म्हणजे सांगतं बाळ, पण सगळं करते आजी. दुसऱ्या घरातही नेमकं हेच चाललंय, फक्त त्या आईने त्याला 'सांगणं' म्हटलं नाही. मुलं सारखीच, पण तुमच्या तक्त्यात ती वेगवेगळ्या रकान्यांत जाऊन बसली. पुढे एसपीएसएसमध्ये कितीही चाचण्या लावा, ही चूक बाहेर निघणार नाही.

आजीच्या पद्धतीमागे शास्त्र आहे. पोटात दूध किंवा अन्न गेलं की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून दूध पाजल्यावर थोड्या वेळाने बसवलं तर बाळ शी करण्याची शक्यता जास्त असते. आणि 'शूऽऽ' हा आवाज रोज त्याच वेळी कानावर पडला की आवाज आणि क्रिया यांची जोडी जमते. मानसशास्त्राच्या पेपरात तुम्ही पावलॉवचा कुत्रा आणि घंटा वाचली असेल. तोच हा अभिसंधान.

जगातले आकडे इतके वेगळे का?

आता संदर्भ साहित्याकडे वळू. १९६२ मध्ये अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी आपल्या दवाखान्यातल्या ११७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मूल तयार दिसेल तेव्हाच सुरुवात करायची, घाई करायची नाही, ही त्यांची पद्धत. दिवसाची सवय पूर्ण होण्याचं सरासरी वय आलं २८.५ महिने.

१९७७ मध्ये डीव्रीस दांपत्याने पूर्व आफ्रिकेतल्या दिगो समाजावर लेख लिहिला. तिथे बाळ काही आठवड्यांचं असतानाच सुरुवात होते आणि पाच-सहा महिन्यांत बाळ दिवसा-रात्री कोरडं राहतं, असं त्यांनी नोंदवलं.

दोन्ही लेख 'पीडियाट्रिक्स' या एकाच नियतकालिकात आले. एक म्हणतो सव्वादोन वर्षांच्या पुढे, दुसरा म्हणतो सहा महिने. नवखा विद्यार्थी इथे लिहितो, 'संशोधकांमध्ये मतभेद आहेत', आणि पुढच्या परिच्छेदाकडे जातो. तुम्ही तसं करू नका. दोघांनी काय मोजलं ते बघा. ब्रेझल्टन यांच्या मोजणीत मुलाने स्वतःहून जाणं अपेक्षित आहे. दिगो समाजात बाळाने इशारा द्यायचा आणि आईने धरायचं. एकाने मुलाचं स्वावलंबन मोजलं, दुसऱ्याने आई-बाळाचा ताळमेळ. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

या दोन टोकांमधला दुवा व्हिएतनाममधल्या एका अभ्यासात सापडतो. तिथे ४७ बाळांचा जन्मापासून दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा केला गेला. तिथल्या आया 'शूऽऽ'ऐवजी शीळ घालतात. पहिल्या वर्षात बाळं आईच्या मदतीने भांड्यावर करू लागली आणि दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सगळी स्वतःचं स्वतः करू लागली. म्हणजे सवय एका दिवशी 'पूर्ण' होत नाही, ती टप्प्याटप्प्याने आईकडून मुलाकडे जाते. हिवरखेडच्या आजीला हे सांगाल तर ती म्हणेल, "त्यात नवल काय हाय बाप्पा!"

'लवकर सुरू केलं तर जास्त दिवस लागतात' : खरं की खोटं?

२००३ मध्ये ब्लूम आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या चारशेहून अधिक मुलांचा अभ्यास केला. त्यांनी एक काम छान केलं, 'कसून शिकवणं' म्हणजे काय ते आधी ठरवलं. मुलाला दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा संडासाबद्दल विचारणं म्हणजे कसून शिकवणं. हीच ती कार्यात्मक व्याख्या, आकड्यात आणि तपासता येईल अशी.

त्यांना दिसलं की जितकी लवकर सुरुवात, तितका शिकण्याचा काळ लांब. आणि २७ महिन्यांच्या आधी कसून सुरुवात केल्याने सवय लवकर पूर्ण झाली असं दिसलं नाही. हे वाचून कुणी निष्कर्ष काढेल की आजी उगाच घाई करते. पण थांबा आणि हिशोब करा. एकीने १८ व्या महिन्यात सुरुवात केली, दुसरीने ३० व्या. दोन्ही मुलं ३४ व्या महिन्यात शिकली. पहिलीला लागले १६ महिने, दुसरीला ४. लवकर सुरुवातीने मुलाचं नुकसान झालं का? नाही, वजाबाकीच तशी आहे. शिवाय याच अभ्यासात लवकर सुरुवात आणि बद्धकोष्ठता यांचा संबंध आढळला नाही, ही ओळही वाचायची असते. आणि मुलाला तोंडी विचारणं वेगळं, सहा महिन्यांच्या बाळाला पायावर घेऊन बसणं वेगळं. तो निष्कर्ष जसाच्या तसा वऱ्हाडात आणता येत नाही.

तीच गत फॉक्स आणि अझ्रिन यांच्या १९७३ च्या पद्धतीची. ३४ मुलं सरासरी चार तासांत शिकली, असा त्यांचा अहवाल. त्यांचं माप होतं कोरडी चड्डी. आता उन्हाळ्यात हिवरखेडला जा. दीड वर्षाचं पोरगं नुसत्या झबल्यावर अंगणात फिरतंय. चड्डीच नाही, तर कोरडी की ओली हे बघणार कशात?

मग प्रश्न कसा विचारायचा?

'सवय लागली का?' या एका प्रश्नाचे तुकडे करा :

१. शी आल्याचं आधी कोण ओळखतं, मूल की मोठं माणूस?
२. मूल जागेवर स्वतः जातं की न्यावं लागतं?
३. कपडे स्वतः काढतं का?
४. धुऊन कोण देतं? नंतर हात साबणाने कोण धुतं, मुलाचे आणि स्वतःचे?
५. रात्री काय होतं?

'कितव्या महिन्यात शिकला?' असं विचारू नका, आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही. 'काल दिवसभरात काय झालं?' असं विचारा. वय आईला तोंडी विचारण्यापेक्षा लसीकरणाच्या कार्डावरून घ्या. कार्ड हरवलं असेल तर पोळा, दिवाळी, पेरणी अशा खुणांवरून जन्माचा महिना काढता येतो.

आणि सर्वेक्षणाचा महिना जपून निवडा. कापसाच्या वेचणीत आई सकाळीच शेतात जाते आणि लेकरू आजीजवळ असतं. दिवसाची माहिती आजीला, रात्रीची आईला. एकीलाच विचारून आलात तर अर्धंच चित्र मिळेल.

एवढा काथ्याकूट कशासाठी?

कारण तुमचा आकडा पुढे सल्ला बनतो. 'दोन वर्षांत सवय लागायलाच हवी' असं कुणी छापलं की अडीच वर्षांच्या मुलाच्या आईला शेजारणी बोलतात, आणि आई पोराला रागावते. धाकाने किंवा कडक शी झाल्यामुळे दुखलं की मूल शी दाबून ठेवतं, त्याने ती आणखी कडक होते, पुन्हा दुखते. हे चक्र सुटायला महिने लागतात. रात्री अंथरुण ओलं होणं तर पाच वर्षांपर्यंत आजार मानलाच जात नाही.

दुसरं कारण गावाच्या आरोग्याचं आहे. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन ज्या वऱ्हाडातली गावं झाडली, तिथे आज घरोघरी संडास दिसतात. पण भांडं मोठ्यांच्या मापाचं, आत अंधार. लेकरू घाबरतं, अंगणात बसतं, आणि ती शी उकिरड्यावर जाते. 'लहान मुलाची शी काही घाण नसते' हा समज चुकीचा आहे, तिच्यातूनही जुलाबाचे जंतू पसरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात म्हणूनच आईला विचारतात की मुलाची शी शेवटच्या वेळी कुठे टाकली. तिथेही पेच व्याख्येचाच आहे. पुरलेली शी 'सुरक्षित' धरायची की नाही, यावर टक्केवारी वर-खाली होते.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या विषयातला सगळ्यात सोपा वाटणारा शब्द निवडा, 'व्यसन', 'गळती', 'जागरूकता', कुठलाही. त्याची कार्यात्मक व्याख्या एका वाक्यात लिहा आणि तीन घरी जाऊन वापरून बघा. तिन्ही घरी लोकांनी तुमच्या शब्दाचा एकच अर्थ घेतला, तरच प्रश्नावली छापायला टाका. गाईडकडे जाण्याआधी हे केलंत, तर निदान एक चक्कर वाचेल.