खोकल्याचा जोर गळ्यात

खोकून खोकून बरगड्या दुखतात, म्हणून सगळं श्रेय छातीला मिळतं. पण छाती फक्त हवा लोटते. त्या हवेचा खोकला होतो स्वरयंत्रात.

कंठमण्याच्या आत दोन स्वरपट्ट्या असतात. त्यांची मागची टोकं दोन चिमुकल्या कूर्चांना बांधलेली असतात. कूर्चा फिरल्या की मधली फट उघडते, मिटते. फट मिटवणारे स्नायू बरेच, उघडणारी जोडी मात्र एकच.

घशात कण टोचला की व्हेगस नसेवाटे मेंदूच्या तळाशी वर्दी जाते. आधी उघडणाऱ्या स्नायूंची जोडी फट सताड उघडते आणि आपण खोल श्वास घेतो. मग पट्ट्या गच्च मिटतात, त्यांच्या वरच्या खोट्या स्वरपट्ट्याही आवळतात. सेकंदाचा साधारण पाचवा भाग सगळं बंद. तेवढ्यात पोटाचे स्नायू आवळून छातीतली हवा दाबतात. जोरकस खोकल्यात हा दाब पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपर्यंत चढू शकतो. अचानक फट उघडते आणि हवा कफ घेऊन सुटते. हाच पहिला स्फोटक आवाज. झोत ओसरताना पट्ट्या पुन्हा जवळ येऊन थरथरल्या, तर खोकल्याला आवाजाचं शेपूट लागतं.

ठसक्याची तऱ्हा वेगळी. पाणी स्वरयंत्राला शिवलं की खोल श्वासाला फाटा देऊन हवा थेट बाहेर फेकली जाते. आधी श्वास ओढला, तर तोच घोट खाली जायचा.

मॅन्युएल गार्सिया या गायनगुरूने १८५४ साली दंतवैद्याचा आरसा घशात धरून स्वतःच्या स्वरपट्ट्या पाहिल्या. आज नाकातून दुर्बीण घालून डॉक्टर रुग्णाला खोकायला सांगतात आणि दोन्ही पट्ट्या सारख्या हलतात का, ते पडद्यावर बघतात. स्वरपट्टी हलवणारी डावीकडची नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून वर येते. त्यामुळे फुप्फुसातली गाठही तिला दाबू शकते. मग पट्टी लुळी पडते, आवाज बसतो, खोकला पोकळ होतो. गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवली, तर हवा स्वरयंत्राच्या खालूनच निसटते. कफ बहुधा कॅथेटरने ओढून काढावा लागतो.

पक्षाघातानंतर काहींच्या घशाची संवेदनाच बोथट होते. पाणी श्वासनलिकेत उतरतं, तरी ठसका लागत नाही. म्हणून अशा रुग्णाला ठसका लागला नाही, एवढ्यावर घरच्यांनी निर्धास्त होऊ नये. तोंडाने खायला देण्याआधी गिळण्याची तपासणी करून घ्यावी.