हिब्रू कादंबरीकार अग्नोन

भाषा लोकांच्या तोंडी जगते, असे म्हणतात. हिब्रू भाषेचा इतिहास मात्र याहून निराळा आहे. ज्यू लोकांची ही प्राचीन भाषा सुमारे सतराशे वर्षे घरोघर बोलली जात नव्हती. त्या भाषेत आई मुलाला जेवावयास हाक मारीत नव्हती, की मुले भांडत नव्हती. प्रार्थना, धर्मग्रंथ आणि पंडितांचे लेखन एवढ्यांतच ती उरली होती. निरनिराळ्या देशांत विखुरलेले ज्यू लोक घरी वेगवेगळ्या भाषा बोलत. कोकणातील बेने इस्रायल समाजाची घरची भाषा मराठी, पण प्रार्थना हिब्रू. पूर्व युरोपातील ज्यूंच्या घरी यिडिश भाषा चाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही ध्येयवादी मंडळींनी हिब्रूला पुन्हा घरात आणि बाजारात आणावयाचे ठरविले. याच काळात जन्मलेल्या एका मुलाने पुढे या भाषेला जगाच्या वाङ्मयात मानाचे स्थान मिळवून दिले.

श्मुएल योसेफ चाचकेस हे त्याचे नाव. १८८७ साली बुचाच या गावी त्याचा जन्म झाला. हे गाव त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. वडील केसाळ कातड्यांचा व्यापार करीत, पण त्यांचे मन रमे ते धर्मग्रंथांत. आईला जर्मन वाङ्मयाची गोडी होती. वडिलांकडून जुन्या ग्रंथांचे संस्कार आणि आईकडून कथांची आवड, अशी दुहेरी शिदोरी मुलाला घरीच मिळाली. पंधराव्या वर्षी त्याची कविता छापून आली.

१९०८ साली हा तरुण याफा बंदरात उतरला. पॅलेस्टाइन तेव्हा तुर्की सुलतानाच्या अमलाखाली होते. त्याच वर्षी त्यांची ‘अगुनोत’ ही कथा प्रसिद्ध झाली. पती निघून गेला आहे, परंतु विवाहाचे बंधन सुटलेले नाही, अशा स्त्रीला हिब्रूत ‘अगुना’ म्हणतात. तिला धड संसार नाही, धड मोकळीकही नाही. या शब्दावरून लेखकाने ‘अग्नोन’ हे टोपणनाव घेतले आणि पुढे तेच त्यांचे आडनाव झाले. जुने जग सुटले आणि नव्यात मन पुरते रुजले नाही, अशी माणसे त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा भेटतात. तेव्हा हे नाव त्यांना शोभून दिसले, यात नवल नाही.

१९१२ च्या सुमारास अग्नोन जर्मनीस गेले. तेथे महायुद्धाने त्यांना अडकविले आणि मुक्काम बारा वर्षांचा झाला. याच देशात त्यांचा विवाह झाला, आणि शोकेन नावाच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याने नियमित वेतन देऊन त्यांना पोटापाण्याच्या चिंतेतून मुक्त केले. सर्व काही सुरळीत चालले असता १९२४ साली त्यांच्या घराला आग लागली. स्वतः अग्नोन त्या वेळी आजारी असून रुग्णालयात होते. सुमारे चार हजार ग्रंथ, सर्व हस्तलिखिते आणि एक सातशे पानांची कादंबरी जळून खाक झाली. ती कादंबरी त्यांनी पुन्हा कधीच लिहिली नाही. त्याच वर्षी ते जेरुसलेमला परतले. तेथेही १९२९ च्या दंगलीत त्यांच्या घराची व पुस्तकांची नासधूस झाली. एखाद्याने लेखणी खाली ठेवली असती. परंतु अग्नोन यांच्या मोठ्या कादंबऱ्या या दोन आघातांनंतरच्या आहेत.

त्यांपैकी एकीची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९३० साली ते आपले जन्मगाव पाहून आले. महायुद्धाने गावाची रया गेली होती. या भेटीवरून त्यांनी ‘एका रात्रीचा पाहुणा’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक गावी येतो, तो गावातील जुने अध्ययनगृह ओस पडलेले त्याला दिसते. गाव सोडून निघालेले लोक त्याची किल्ली या पाहुण्याच्या हाती देतात. तो तेथे बसतो, शेगडी पेटवितो. थंडीने गारठलेले लोक ऊब मिळते म्हणून येऊ लागतात. मध्येच किल्ली हरवते, दुसरी करून घ्यावी लागते. पुढे जेरुसलेमला घरी परतल्यावर ती हरवलेली किल्ली त्याच्याच सामानात सापडते!

१९४५ च्या ‘कालपरवा’ या कादंबरीत एक रंगारी गमतीखातर भटक्या कुत्र्याच्या पाठीवर ‘वेडा कुत्रा’ अशी अक्षरे काढतो. कुत्र्याला वाचता येत नाही. लोक आपल्याला भिऊन का पळतात, दगड का मारतात, हे त्या मुक्या जिवाला उमगत नाही. हाल सोसून सोसून शेवटी तो खरोखरच पिसाळतो आणि त्या रंगाऱ्यालाच चावतो.

अग्नोन यांची भाषा बाजारातल्या नव्या हिब्रूसारखी नाही. प्राचीन धर्मपंडितांच्या गद्याची धाटणी त्यांनी उचलली आणि तिच्यात आपल्या काळातील माणसांची दुःखे सांगितली. त्यामुळे त्यांचे वाक्य जुने वाटते, पण त्यातला माणूस अगदी ओळखीचा असतो. जेरुसलेममधील त्यांच्या घराजवळ वाहनांचा गोंगाट होऊ लागला, तेव्हा ‘अग्नोन लिहीत आहेत, शांतता राखा’ अशा अर्थाची पाटी नगरपालिकेने रस्त्यावर लावली होती. लेखकाच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो.

१९६६ साली त्यांना नेली साक्स या कवयित्रीसमवेत वाङ्मयाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हिब्रू लेखकाला मिळालेले हे पहिलेच नोबेल. स्टॉकहोम येथील समारंभात त्यांनी भाषण केले तेही हिब्रूत.

दरम्यान बुचाच गावातील ज्यू वस्ती दुसऱ्या महायुद्धात नाझींनी नष्ट केली होती. अग्नोन त्यानंतर अनेक वर्षे त्या गावाच्या कथा लिहीत राहिले: तेथील प्रार्थनामंदिरे, बाजार, पंडित, कारागीर, भांडणे आणि सण. १९७० साली त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी त्यांच्या कन्येने त्या कथांचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला.