उंची आहे, पुढे काय?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

बास्केटबॉल शिकवणाऱ्या माणसाला पालक एक प्रश्न हमखास विचारतात. मुलगा सतरा-अठरा वर्षांचा असतो, उंची सहा फूट चार-पाच इंच, संघात जागा सेंटरची. शाळेत असताना तो रिंगखाली हात वर करून नुसता उभा राहिला तरी गुण मिळत. कॉलेजात गेल्यावर समोरचेही तेवढेच उंच निघाले आणि याचा खेळ जागच्या जागी थांबला. मग वडील मला बाजूला घेतात. ''सर, खरं काय ते सांगा. याच्यात अजून काही सुधारण्यासारखं आहे का? की सरळ अभ्यासाला लावू?''

हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. बारावीच्या आसपासची दोन वर्षे म्हणजे आपल्याकडे घराच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाची. ती मैदानावर घालवायची तर त्यातून काही निघणार आहे का, हे विचारायचा आई-वडिलांना हक्कच आहे. माझे उत्तर बहुतेक वेळा 'हो' असे असते. नुसते पालकांच्या समाधानासाठी मी ते देत नाही. बास्केटबॉलमधल्या पाच जागांपैकी सेंटर ही अशी जागा आहे, की तिथला खेळाडू सर्वांत उशिरा पिकतो.

असे का होते, ते पाहू. रिंग जमिनीपासून 3.05 मीटर, म्हणजे दहा फूट उंच असते. सेंटर त्या रिंगच्या सर्वांत जवळ खेळतो. चुकलेला चेंडू पकडणे, समोरच्याचा फटका अडवणे, जवळून गुण करणे ही त्याची कामे. उंची हवी ती यासाठी. पण उंची येते तीच मुळी अडचणी घेऊन. वर्षभरात मुलगा चार-पाच इंच वाढला, की हातपाय लांब होतात आणि त्यांचा अंदाज मात्र जुनाच राहतो. कालपर्यंत बरोबर बसणारे पाऊल आज अर्ध्या वितीने पुढे पडते. लोक म्हणतात, पोरगा धांदरट आहे. तो धांदरट नसतो, त्याला आपल्या नव्या मापाची सवय व्हायची असते. ताकद तर त्याहून मागे राहते. उंच मुलाच्या अंगावर मांस भरायला विशी उजाडते.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. बुटक्या मुलाला पहिल्या दिवसापासून काहीतरी शिकावे लागते, नाहीतर त्याला कोणी खेळायलाच घेत नाही. उंच मुलाला शिकायची गरज पडत नाही. संघ त्याच्या उंचीवर जिंकतो, शिक्षक खूष, ट्रॉफी मुख्याध्यापकांच्या कपाटात. त्या मुलाला ड्रिबल करायला, डाव्या हाताने टाकायला, पाठीमागे कोण उभा आहे हे ओळखायला कोणी शिकवलेले नसते. सतराव्या वर्षी त्याचा खेळ थांबलेला दिसतो याचा अर्थ अनेकदा एवढाच, की तो अजून सुरूच झालेला नाही.

याची सर्वांत जुनी साक्ष जॉर्ज मिकन याची आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावचा हा मुलगा 1942 साली शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. उंची सहा फूट दहा इंच, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, चालण्यात ढिलेपणा. त्या काळी इतका उंच माणूस खेळाच्या कामाचा नाही असेच मानत. डीपॉलचे नवे प्रशिक्षक रे मायर स्वतः तिशीच्या आतले होते. त्यांनी या मुलाला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, मुष्टियुद्धाचा सराव दिला आणि पाय हलके व्हावेत म्हणून चक्क नृत्याचे धडे घ्यायला लावले. बास्केटबॉलच्या खेळाडूला नाच शिकवणे आपल्याकडच्या एखाद्या व्यवस्थापन समितीने मंजूर केले असते का, कोण जाणे! दोन वर्षांत मिकन देशातल्या विद्यापीठीय खेळाडूंत अव्वल ठरला. पुढे मिनियापोलिस लेकर्स संघाने 1949 ते 1954 या सहा हंगामांत पाच विजेतेपदे मिळवली ती त्याच्या जोरावर. रिंगखालचा सहा फूट रुंदीचा पट्टा 1951 साली बारा फूट करावा लागला, कारण त्याला रिंगपासून दूर ठेवण्याचा दुसरा उपाय कोणाला सुचेना.

मिकनचे उदाहरण जुने झाले, तेव्हा कोण होते स्पर्धेला, असे कोणी म्हणेल. म्हणून हकीम ओलाजुवान याच्याकडे वळतो. माझ्या मते या विषयावरचा तो एक संपूर्ण पाठ आहे.

हकीम नायजेरियातल्या लागोसचा, जन्म 1963 सालचा. लहानपणी फुटबॉलमध्ये गोलरक्षक आणि हँडबॉलचा खेळाडू. बास्केटबॉल हातात घेतला तो साधारण पंधराव्या वर्षी. आपल्याकडे पंधराव्या वर्षी 'आता उशीर झाला' म्हणून मुलांना परत पाठवतात! 1980 साली तो अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठात गेला. पहिले वर्ष त्याला सामन्यांत उतरवलेच नाही, नुसता सराव. दुसऱ्या वर्षी संधी मिळाली, तेव्हा त्याची सरासरी होती सामन्याला सुमारे आठ गुण. आकडा पाहून कोणी टाळी वाजवावी असा नाही.

मधल्या उन्हाळ्यांत मात्र त्याला गुरू भेटला. ह्यूस्टनमध्ये फाँडे नावाचे सार्वजनिक क्रीडाकेंद्र आहे. तिथे त्या वेळचा नामांकित व्यावसायिक सेंटर मोझेस मलोन सुटीत खेळायला येई. मलोन अंगाने दणकट, रिबाउंड घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हकीम त्याच्याशी रोज भिडू लागला. मलोन त्याला रेटे, ढकले, दया दाखवत नसे. उंच मुलाला सगळ्यात दुर्मिळ गोष्ट मिळाली, ती म्हणजे आपल्यापेक्षा वरचढ असा सरावाचा प्रतिस्पर्धी. पुढची तीनही वर्षे ह्यूस्टन विद्यापीठ राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या चार संघांत पोचले आणि 1984 साली व्यावसायिक संघांच्या निवडीत हकीमला सगळ्यांच्या आधी उचलले गेले. त्याच निवडीत मायकेल जॉर्डन तिसरा होता.

इथेच गोष्ट संपली असती तर ती नेहमीची यशोगाथा झाली असती. मला रस आहे तो पुढच्या दहा वर्षांत. व्यावसायिक खेळातल्या पहिल्या वर्षी हकीमचे फ्री थ्रो शंभरातले सुमारे एकसष्ट जात. 1992-93 च्या हंगामात ते अठ्ठ्याहत्तरच्या घरात गेले. पहिल्या वर्षी तो सामन्याला सरासरी दीडसुद्धा गोलदायी पास देत नव्हता. 1992-93 मध्ये तो आकडा साडेतीनवर गेला. तेव्हा तो तीस वर्षांचा झाला होता. रुडी टॉमजानोविच हे प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी त्याच्याभोवती लांबून नेम धरणारे खेळाडू पेरले. दोघे-तिघे हकीमच्या अंगावर धावून आले, की तो मोकळ्या सहकाऱ्याकडे चेंडू सोडू लागला. तरुणपणी हाच माणूस तिघांच्या गराड्यातूनही स्वतःच मारायला जाई. 1994 आणि 1995 अशी लागोपाठ दोन वर्षे ह्यूस्टन रॉकेट्सने विजेतेपद मिळवले. त्याच्या पायांतली ती हुलकावणी, एका बाजूला खांदा दाखवून दुसऱ्या बाजूला निसटण्याची, 'ड्रीम शेक' म्हणून जगभर गाजली. ती आपल्याला फुटबॉलने दिली, असे तो सांगत आला आहे. म्हणजे लागोसच्या मैदानावरची ती वर्षे वाया गेली नव्हती. निवृत्तीनंतर कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्ससारखे मोठे खेळाडू त्याच्याकडे हे पदलालित्य शिकायला गेले.

आणि सात फुटी ब्रूक लोपेझ. पहिल्या आठ हंगामांत त्याने तीन गुणांच्या रेषेबाहेरून सगळे मिळून एकतीस फटके मारले होते, त्यातले तीन गेले. मग 2016-17 च्या एका हंगामात त्याने 387 मारले आणि 134 यशस्वी केले. वय अठ्ठावीस. खेळ बदलत होता, सेंटरने बाहेर यावे अशी मागणी होती, तो बाहेर आला. 2021 साली विजेत्या ठरलेल्या मिलवॉकी संघाचा तो सेंटर होता.

फ्री थ्रोबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण सेंटरची खरी परीक्षा तिथे होते. अंतर ठरलेले, समोर कोणी अडवायला नाही, घाई नाही. तरी उंच खेळाडू इथेच चुकतात. मोठ्या पंजात चेंडू संत्र्यासारखा मावतो आणि बोटांवरून नीट सुटत नाही, असे कारण दिले जाते. त्यात थोडे तथ्य आहे. पण चीनचा याओ मिंग साडेसात फूट उंच होता आणि त्याचे शंभरातले त्र्याऐंशी जात. शकील ओनीलचे कारकिर्दीत जेमतेम त्रेपन्न गेले. तेव्हा सगळा दोष पंजाला देता येत नाही.

विल्ट चेंबरलेनची कथा तर चटका लावणारी आहे. अफाट ताकदीचा हा सेंटर फ्री थ्रोच्या रेषेवर लहान मुलासारखा गडबडे. 1961-62 च्या हंगामात त्याने चेंडू दोन्ही हातांनी खालून, गुडघ्यांमधून झोका देऊन टाकायला सुरुवात केली. आकडा एकसष्ट टक्क्यांवर गेला. 2 मार्च 1962 रोजी त्याने एका सामन्यात शंभर गुण केले, तेव्हा बत्तीसपैकी अठ्ठावीस फ्री थ्रो गेले होते. आणि नंतर त्याने ती पद्धत सोडून दिली! असे टाकताना आपण बायकी दिसतो अशी त्याला लाज वाटे. हे सोडणे चूक होते, हेही पुढे त्याने आत्मचरित्रात मान्य केले. 1967-68 च्या हंगामात त्याचे शंभरातले अडतीसच गेले. सुधारणेला वय आडवे येते असे आपण म्हणतो. मी मैदानावर पाहिले आहे ते असे, की लोक काय म्हणतील हे वयापेक्षा जास्त आडवे येते. उंच मुलाकडे आधीच सगळे बघत असतात. त्याला डाव्या हाताचा सराव करायला लावा, तो आधी आजूबाजूला पाहतो.

आता दुसरी बाजू. सगळ्यांचे हकीम होत नाहीत. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनामसिंग भामरा आपल्याला जवळचा. सात फूट दोन इंच उंचीचा हा मुलगा लुधियानाच्या अकादमीतून 2010 साली, चौदा वर्षांचा असताना फ्लोरिडात शिकायला गेला आणि 2015 साली डॅलस मॅव्हरिक्सने त्याची निवड केली. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दोन हंगाम दुय्यम संघात, त्यातही थोडाच वेळ, आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्याने कष्ट केले नाहीत असे कोण म्हणेल? माझ्या समजुतीप्रमाणे तो ज्या वर्षी दारात पोचला, नेमके त्याच सुमाराला खेळ वेगवान होऊन जड अंगाच्या सेंटरला बाहेर बसवू लागला होता. शिवाय चौदाव्या वर्षापर्यंत रोज तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळणे आपल्या देशात सात फुटी मुलाच्या नशिबी नसते. मलोन रोज कुठून आणायचा?

म्हणून पालकांना मी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगतो. धावण्याचा मूळ वेग, हातांची लांबी, उडीची झेप यांत सतराव्या वर्षानंतर फार मोठा फरक पडत नाही. सरावाने थोडा पडतो. पण चेंडू पकडण्याची सफाई, पायांची ठेवण, दुसरा हात, नेम, पास कधी सोडायचा याचे भान, या गोष्टी तिशीपर्यंत वाढत राहतात. तुमच्या मुलाला कमी पडते आहे ते पहिल्या यादीतले की दुसऱ्या, एवढे बघा. सांधे मात्र जपा. वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली दुखत असेल तर 'मर्दासारखा खेळ' म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. याओ मिंगची कारकीर्द पायाच्या वारंवारच्या दुखापतींनी 2011 साली, तिशीतच संपली.

आणि सुरुवात कुठून करायची, तर मिकनच्या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या सरावापासून. रिंगखाली उभे राहायचे. उजव्या बाजूने उजव्या हाताने बोर्डावर हलकेच टाकायचे, जाळीतून येणारा चेंडू जमिनीवर पडू न देता हनुवटीच्या वरच धरायचा, एक पाऊल, आणि डाव्या बाजूने डाव्या हाताने. थांबायचे नाही. याला मैदान पूर्ण लागत नाही, संघ लागत नाही, पैसे तर नाहीतच. पहिल्या आठवड्यात डाव्या हाताचे दहातले दोन-तीन जातात आणि मुलगा वैतागतो. महिनाभराने मी मोजायला सांगतो, आणि मोजताना वडिलांनी कुंपणाजवळ उभे राहू नये एवढीच विनंती करतो.